मोहुर्ले, सु. भा.

आरमोरीच्या बाजारात वांगी घ्यायची तर सुगंधाबाईकडे जाऊ नये, असं माझी सासू म्हणायची. वांगी चांगली असत, पण त्यांच्याबरोबर सुगंधाबाईचं बोलणंही पदरात घ्यावं लागे. "इतकी दाबून काऊन पाहून राह्यली, बाई? वांगं आहे, जावई नाई," असं ती माझ्या सासूला भर बाजारात म्हणाली होती. त्यानंतर आमच्या घरी कितीतरी दिवस भेंडीच शिजली.

मी मात्र सुगंधाबाईवर लट्टू होते. नवी सून, अंगात धमक, आणि घरात मान वर करून हसायची चोरी. सुगंधाबाईच्या आसपास असलं की हसायला कोणाची परवानगी लागायची नाही. उंच, काळीसावळी, दंडावर गोंदलेलं, आणि आवाज असा खणखणीत की ती शेजारणीशी कुजबुजली तरी पलीकडच्या आळीला कळावं.

ती आरमोरीचीच लेक. बाप रामाजी मोहुर्ले माळी होता, नदीकाठी त्याची वाडी होती. तिला नदीपलीकडच्या गावात दिली. नवरा कामाला म्हणून घुग्घुसच्या कोळसाखाणीवर गेला आणि तिथूनच दुसरी बायको घेऊन आला. सुगंधाबाईने त्या दोघांना जेवायला वाढलं, भांडी घासली आणि सकाळी माहेरची वाट धरली; आडनावही पुन्हा माहेरचंच लावलं. लोक हळहळायला घरी येऊ लागले तेव्हा ती म्हणाली, "सवतीचं तोंड पाहण्यापेक्षा वांग्याचं बरं. रडायचं असन तर तुमच्या घरी जाऊन रडा, इथी मले काम आहे." लोक गेले. पुढे बाप वारला, आणि घरात ती आणि तिची माय भागीरथाबाई एवढ्या दोघीच उरल्या. त्या दोघींचं भांडण आणि हसणं सारखंच मोठ्याने चाले, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून सांगता येत नसे.

पण सुगंधाबाईची खरी ओळख वांग्यांची नव्हे. ती रोवण्याची. आमच्याकडे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून चिखलाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, लावायचे त्याला रोवणा म्हणतात. दिवसभर कमरेत वाकून, गुडघाभर पाण्यात, मागे मागे सरकत. गाणं नसेल तर हे काम माणसाकडून होणं नाही. सुगंधाबाई ओळीच्या कडेला उभी राहून गाणं उचलायची, बाकीच्या बाया ते झेलायच्या, आणि हात आपोआप चालायचे. ज्याच्या बांधीत सुगंधाबाई, त्याचा रोवणा आधी उरकायचा, म्हणून तिला बोलावायला शेतकरी आदल्या दिवशीच येऊन बसत.

बांधीच्या काठाले बगळा उभा एका पायी,
सासू म्हणते वाक, माझ्या कमरेले हाड नाई

हे गाणं चाललं की माझ्या सासूच्या देखत मी ते सगळ्यांहून मोठ्याने म्हणायची. रोवण्यात म्हटलेल्या गाण्याचा कोणी राग धरायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी त्या रीतीचा पुरेपूर फायदा घेतला.

सत्तावन्न सालच्या रोवण्यात शाळेचे हेडमास्तर गुणवंतराव वही घेऊन बांधावर येऊन बसायला लागले. नागपूरच्या कुठल्याशा मंडळाला आमची गाणी छापायची होती, आणि ती जमवायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं होतं. मास्तर भला माणूस, पण नियमाला फार भिणारा. शाळेची घंटा चुकून लवकर वाजली तर ते स्वतः अंगणात जाऊन मुलांची क्षमा मागायचे. तर हे छत्री उघडून बांधावर बसले, आणि बायांनी लगेच त्यांनाच गाण्यात घेतलं.

बांधावरचा मास्तर छत्रीखाली लिहिते काई,
त्याच्या घरचं धान त्याच्या बाईशिवाय रोवत नाई

मास्तरांनी मान खाली घालून तेही लिहून घेतलं. पुस्तकात ते छापूनही आलं. त्यांच्या बायकोने पुढे ती ओळ आयुष्यभर वापरली.

गाणी जमली. निम्म्याहून जास्त सुगंधाबाईची होती, एखाददुसरं माझंही. मास्तरांनी ती नागपूरला पाठवली, आणि तिकडून उत्तर आलं की गाणी उत्तम आहेत, पण शेवटी संदर्भसूची पाहिजे. कोणतं गाणं कोणी सांगितलं, ते एका ठरलेल्या पद्धतीने लिहायचं. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर, मग वडिलांच्या किंवा लग्न झालेली असेल तर पतीच्या नावाचं पहिलं अक्षर. सगळ्या मोठ्या ग्रंथांत असंच असतं म्हणे. जिचं असं पूर्ण नाव मिळणार नाही तिची गाणी 'अज्ञात' या शब्दाखाली टाकावी.

आता हा नियम ज्याने केला त्याची बायको त्याचं नाव घेत असेल. आमच्याकडे कोण घेणार? लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घ्यायचं तेवढंच. एरवी नवऱ्याचं नावच काय, त्या नावासारखा शब्दही तोंडातून काढायचा नाही. आमच्या ओळीत जैवंता नावाची एक होती, तिच्या नवऱ्याचं नाव दशरथ. पऱ्ह्यांच्या जुड्या मोजताना ती म्हणायची, "आठ, नऊ, तुमचे भाऊजी, अकरा." सगळ्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की कोणी हसतही नसे.

मास्तर परपुरुष, त्यांना बाया काय सांगणार. म्हणून त्यांनी सुगंधाबाईला गळ घातली, आणि तिने मला बरोबर घेतलं, कारण मी चौथी शिकलेली, अक्षर बरं होतं. आम्ही दोघी घरोघर फिरलो. माझी सासू म्हणाली, "भाजी आणायले पाठवली तर ही नावं गोळा करून राह्यली." आणि गोळा तरी काय झालं? एकीने तुळशीकडे बोट दाखवलं. दुसरी म्हणाली, "दिवाळीले पुजते ना, तिचं नाव, पन पुरुषाचं." तिसरीने दोन ओळींचा उखाणा पाठ होता तो म्हणून दाखवला, आणि त्यात नवऱ्याचं नाव यायच्या जागी लाजून पदर तोंडात घातला. घरात बसलेले नवरे पाहिजे तर आपली नावं सांगायला तयार होते, पण सुगंधाबाई त्यांना म्हणाली, "तुम्ही कोनी गाणं सांगितलं का? मंग गप बसा."

संध्याकाळी आम्ही मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसलो. माझ्या कागदावर आडनावं होती, बायांची अक्षरं होती, आणि पुढची जागा कोरी. मास्तर घाम पुसत म्हणाले, "सुगंधाबाई, इतरांचं मी विचारून घेईन. निदान तुमचं तरी लिहू."

मास्तरांना कळायला हवं होतं, पण ते बोलून गेले.

"बाकीच्या बाया मानानं नाव घेत नाई," सुगंधाबाई म्हणाली. "मी रागानं घेत नाई. एवढाच फरक आहे. त्या मानसाचं अक्षर माह्या नावामागं लागनार नाई."

"मग वडिलांचं लावू. रामाजींचं. नियमात तेही बसवता येईल."

"बापानं मले परत घरात घेतलं, त्याचे उपकार मी जलमभर फेडीन. पन गाण्यातलं त्याले काय समजे? मायनं गाणं काढलं का त्याले झोप लागे. खोटं काऊन लिहायचं?"

"मग तुमची सगळी गाणी अज्ञात म्हणून जातील हो."

हे ऐकून ती जी उसळली ती मला अजून आठवते. "मी अज्ञात? आरमोरीत मले कोन वळखत नाई, मास्तर? तुमचा नागपूरवाला बसमधून उतरून आंधळ्याले विचारन तरी तो माहं घर दाखवन." आणि मग आवाज खाली आला. सुगंधाबाईचा आवाज खाली आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "नवऱ्यानं टाकली तवा मी नाई रडली. आता तुम्ही पुस्तकातून टाकता का?"

मला फार वाईट वाटलं. इतकी गाणी तिची, आणि तिलाच बांधावर उभं करायचं. मी सहज, खरंच सहज विचारलं, "पण बाई, ही गाणी तुम्हांला दिली कोणी?"

"कोन देनार? मायनं."

ती एवढं बोलली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. तिच्या चेहऱ्यावर ते बाजारातलं हसू परत आलं, गिऱ्हाईक फसल्यावर यायचं ते. "कमळा, लिव. मोहुर्ले, सु. भा."

मास्तर म्हणाले, "भा म्हणजे? भागीरथाबाईंचं? नियमात आईचं नाही बसत."

"अक्षर मांगितलं, अक्षर भेटलं. नागपूरले काय माहीत भा म्हणजे भाऊराव का भागीरथा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा घरोघर गेलो. या वेळी एकच प्रश्न होता, तुझी माय कोण. आणि काय सांगू, काल ज्या तोंडातून शब्द फुटत नव्हता त्या बाया बोलता थांबेनात. मायचं नाव घ्यायला कोणाची बंदी? उलट कित्येक वर्षांत कोणी ते विचारलंच नव्हतं. जैवंताने 'गोदा' असं म्हटलं आणि म्हणता म्हणता दारातच बसून मायच्या हातच्या आंबिलीचं सांगू लागली. कोणी हसली, कोणी डोळे पुसले, कोणी दोन्ही केलं. जेवणाच्या आत माझा कागद भरला. माझ्या स्वतःच्या नावापुढे मी माझ्या मायचं, रुखमाबाईचं, 'रु' घातलं तेव्हा माझं मलाच उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

मास्तरांनी ती यादी सुवाच्य अक्षरांत उतरवली. मधूनमधून नागपूरचं पत्र काढून पाहत होते, पण उतरवली. भित्र्या माणसाचं धाडस आपण फारसं मोजत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पुस्तक पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी आलं, धान कापणीला यायच्या दिवसांत. शाळेच्या अंगणात सतरंज्या टाकल्या, आंब्याची पानं बांधली. नागपूरहून मंडळाचे चिटणीस स्वतः आले होते, गोरे, जाड भिंगांचे, बोलायला गोड. प्रकाशन झालं, प्रती वाटल्या, आणि चिटणीस लोकगीतांच्या थोरवीवर बोलू लागले. बाया पुढे बसल्या होत्या. मागे पुरुष मंडळी पुस्तक चाळत होती. ज्यांना वाचता येत होतं ते सरळ शेवटच्या पानावर गेले, कारण त्यांचा समज होता की तिथे बायकोच्या नावापुढे आपलं अक्षर छापलंय. माझे यजमानही शोधत होते. त्यांचं नाव वारलू. आता मी ते बिनधास्त घेते, त्यांनाही सवय झाली आहे.

चिटणीस रंगात आले होते तेवढ्यात मागून दशरथ उठला. हातात पुस्तक, चेहरा गंभीर.

"साहेब, एक विचारतो. माह्या बायकोच्या पुढं हा 'गो' कोन आहे?"

जैवंता मागे वळून न पाहता म्हणाली, "माय आहे माही. गोदा. बसा खाली."

दशरथ हुश्श करून बसला आणि सगळं अंगण खदखदून हसलं. मग बाकीचे नवरेही उठून आपापल्या अक्षराचा तपास करू लागले. चिटणीसांनी भिंगं पुसली, शेवटचं पान काढलं आणि मास्तरांकडे वळले. "गुणवंतराव, ही सगळी आयांची अक्षरं आहेत?"

मास्तर उभे राहिले. मला वाटलं आता हे क्षमा मागणार. ते एवढंच म्हणाले, "होय."

चिटणीस रागावले नाहीत, पण नियमाच्या बाबतीत तेही मास्तरांचेच भाऊ निघाले. म्हणाले, हे पद्धतीला सोडून झालं. एक शुद्धिपत्र छापावं लागेल, प्रत्येक प्रतीत चिकटवावं लागेल. त्यात पतीची अक्षरं येतील, आणि ज्यांची मिळणार नाहीत त्यांचं 'अज्ञात' करावं लागेल.

सुगंधाबाई उठली. पदर कमरेला खोचला, बांधीत उतरताना खोचायची तसा. जे पुस्तक तिने मघापासून मांडीवर धरून ठेवलं होतं त्यातूनच तिला आता पुसायचं चाललं होतं, तेही सगळ्या गावासमोर.

"साहेब, ही यादी कशाले असते?"

"वाचणाऱ्याला मूळ सापडावं म्हणून, बाई. उद्या कोणाला हे गाणं कुठून आलं ते शोधायचं असेल, तर त्याला बरोबर माणसापर्यंत पोचता यावं."

"बरं. मंग समजा तो शोधाले आला. त्यानं माह्या नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याले गाणं भेटन का? तो मानूस इथी राहत नाई, त्याच्या घरात गाणं नाई, अन् माहं नाव काढलं तर तो दार लावून घेईन. अन् त्यानं भागीरथाबाईचं घर विचारलं, तर हे पहा, ती इथीच बसली आहे. तुम्ही मूळ मांगितलं. आम्ही मूळच देलं."

चिटणीसांनी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग हसले. वरवरचं नव्हे, चांगलं पोट हलेपर्यंत. "राहू द्या," ते म्हणाले. "शुद्धिपत्र नको. जसं आहे तसं राहू द्या."

बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तेव्हा ती पद्धत नव्हती. त्यांनी सुगंधाबाईला धरून खाली ओढलं आणि तिच्या पाठीत धपाटे घातले. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. मी पण रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता, हे वारलूंनाही माहीत आहे.

या गडबडीत भागीरथाबाईला काहीच कळलं नव्हतं. तिला कमी ऐकू यायचं. ती मला विचारू लागली, काय झालं, सुगंधा काऊन रडते. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की पुस्तकात तुमचं नाव आलंय, साहेब ते काढणार होते, आता राहणार. आणि तिच्यापुढे पान धरून बोट ठेवलं.

"हे एवढंच? एकच अक्षर?"

"पहिलं अक्षर आहे, बाई. त्याच्यापुढे टिंब आहे ना, बाकीचं नाव त्या टिंबात."

तिने टिंबावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पन गाणं माहं कुठी आहे? माह्या मायचं आहे. मैनाबाईचं. तिले काऊन नाई लिवलं?"

चिटणीस जवळ येऊन ऐकत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर आपली प्रत ठेवली आणि 'सु. भा.' च्या पुढे बारीक अक्षरात 'मै.' लिहिलं. मग मोठ्याने विचारलं, "आणि मैनाबाईंना कोणी शिकवलं?"

"तिच्या मायनं."

"त्यांचं नाव?"

भागीरथाबाई आठवू लागली. सुगंधाबाईने डोळे पुसले आणि मायकडे पाहू लागली.

"नाई मालूम," भागीरथाबाई शेवटी म्हणाली. "मैनाबाई लहान होती तवाच ती मेली. बगळ्याचं गाणं तेवढं ठेवून गेली."

"मग काय लिहू, आजी?"

"अक्षर नाई तर नाई," ती म्हणाली. "नुसतं टिंब द्या."

चिटणीसांनी टिंब दिलं, आणि ते नीट दिसावं म्हणून पेन त्याच जागी पुन्हा एकदा टेकवलं.